पुढचे ९० दिवस दिसले पाहिजेत : नागपुरात राहून फ्रीलान्सिंग टिकवण्याची रीत

फ्रीलान्सिंग बंद पडतं ते बहुतेक वेळा काम नाही म्हणून नाही, तर काम असूनही पैसा वेळेवर आला नाही म्हणून. एका महिन्यात लाख रुपये आणि पुढचे दोन महिने कोरडे, असं दोनदा झालं की माणूस मिळेल ती नोकरी धरतो. म्हणून पहिलं काम पोर्टफोलिओचं नाही, एका कागदाचं आहे.

वहीच्या पानावर किंवा एक्सेलमध्ये पुढचे १३ आठवडे मांडा. प्रत्येक आठवड्यासमोर येणारा पैसा तीन रकान्यांत लिहा : पक्का, बहुतेक, आशा. ॲडव्हान्स खात्यात आला आहे किंवा दरमहाचा लेखी करार आहे आणि आधीची बिलं वेळेवर चुकती झाली आहेत, तो पैसा पक्का. कोटेशन मंजूर आहे पण पैसा आलेला नाही, तो बहुतेक. ‘हो हो, तुम्हालाच देऊ’ एवढंच झालं असेल तर आशा, आणि बेरीज करताना आशेची किंमत शून्य धरायची. ‘बहुतेक’ची निम्मी धरा. समोर जाणारा पैसा लिहा. हा कागद दर सोमवारी सकाळी पंधरा मिनिटं उघडायचा. पक्क्या पैशातून तीन महिन्यांचा घरखर्च आणि धंद्याचा खर्च निघत असेल तर तुम्ही स्थिर आहात, मग महिन्याची कमाई कितीही असो. खालचं सगळं हा पक्क्याचा रकाना कसा भरायचा यासाठीच आहे.

दर कुठून काढायचा

दर बाजारातून उचलू नका, घरातून काढा. समजा घरखर्च महिन्याला ४०,००० रुपये. धंद्याचा खर्च ८,००० : इंटरनेट आणि फोन १,५००, सॉफ्टवेअर २,५००, वीज १,५००, जाणं-येणं १,२५०, आणि ६०,००० रुपयांचा लॅपटॉप चार वर्षांनी बदलायचा म्हणून दरमहा १,२५०. हा शेवटचा आकडा लोक हमखास विसरतात आणि लॅपटॉप गेला की कर्ज काढतात. विमा आणि बचत १०,०००. झाले महिन्याचे ५८,०००, वर्षाचे ६,९६,०००. रिकामे आठवडे आणि बुडालेली बिलं यांसाठी शंभरातले पंधरा बाजूला धरा, म्हणजे ६,९६,००० ला ०.८५ ने भागा. साधारण ८,१९,००० येतात.

आता तास. ३६५ दिवसांतून ५२ रविवार, निम्मे शनिवार म्हणजे २६, सणासुदीचे २५, आणि आजारपण, लग्नकार्य, घरची कामं यांचे २२ वजा केले की २४० दिवस उरतात. दिवसाला आठ तास बसलात तरी बिल लावता येईल असं काम साडेचार तासांच्या वर जात नाही. बाकीचा वेळ फोन, कोटेशन, वसुली, शिकणं यांत जातो. २४० गुणिले ४.५ म्हणजे १,०८० तास. ८,१९,००० भागिले १,०८० म्हणजे तासाला सुमारे ७६० रुपये.

हा तुमचा तळ आहे, दर नव्हे. याच्या खाली काम घेतलं तर ते काम तुम्ही स्वतःच्या खिशातून करताय. ग्राहकाला मात्र तासाचा दर सांगू नका, कामाची एकत्र किंमत सांगा. तासाचा आकडा ऐकला की समोरचा तास मोजत बसतो, आणि तुम्ही हात बसल्यावर लवकर काम उरकायला लागलात की तुमचंच नुकसान होतं.

सुरुवातीला सगळे हिशेब दिवसाला आठ तास बिलाचे धरून करतात. त्यातून तासाला चारशे-सव्वाचारशेचा दर निघतो आणि माणूस रात्री जागून तो भरून काढायला बघतो. दर चुकण्याचं सगळ्यात मोठं कारण हेच आहे.

महिन्याचं काम

पक्क्या पैशाचा कणा म्हणजे रिटेनर, सोप्या भाषेत महिन्याचं बांधलेलं काम. नागपुरात याला चांगली जागा आहे. धंतोली-रामदासपेठेतले दवाखाने, हिंगणा आणि बुटीबोरी एमआयडीसीतले मध्यम कारखाने, वर्धा रोडवरचे बिल्डर, कोचिंग क्लासेस, इतवारी-गांधीबागेतले घाऊक व्यापारी : यांच्याकडे पगारी डिझायनर, लेखक किंवा वेबसाइट सांभाळणारा माणूस ठेवण्याइतकं काम नसतं, पण थोडं थोडं काम बाराही महिने असतं. पुण्या-मुंबईतला फ्रीलान्सर त्यांना परका वाटतो. तुम्ही अर्ध्या तासात समोर जाऊन बसू शकता. ही तुमची खरी ताकद आहे, ती स्वस्त दरात विकू नका.

पहिल्याच भेटीत रिटेनर मागू नये. आधी एक छोटं, पंधरा दिवसांत संपणारं काम करा. ते वेळेत दिलं की लगेच, त्याच आठवड्यात, महिन्याचा प्रस्ताव द्या. महिनाभर थांबलात तर समोरच्याचा उत्साह निवलेला असतो.

प्रस्तावात काम मोजून लिहा. समजा धंतोलीतला दवाखाना आहे : महिन्याला १२ पोस्ट, २ छोटे व्हिडिओ, एक बैठक. पोस्टला सव्वा तास धरला तर १५ तास, व्हिडिओला तीन-तीन म्हणजे ६, बैठक आणि फोन ३, एकूण २४ तास. ७६० ने गुणल्यावर १८,२४० येतात, तेव्हा त्याच्या खाली जायचं नाही. पुढे चार ओळी हव्यातच. पैसे महिन्याच्या ५ तारखेपर्यंत, आगाऊ. न वापरलेलं काम फार तर पुढच्या एका महिन्यात घेता येईल, नंतर ते संपलं. यादीबाहेरच्या कामाचं वेगळं बिल. थांबवायचं असेल तर दोन्हीकडून ३० दिवसांची सूचना.

रिटेनर फसतो तो ‘सोशल मीडियाचं सगळं बघून घ्या’ या वाक्यावर. त्या ‘सगळं’मध्ये दिवाळीची आमंत्रणं, डॉक्टरसाहेबांच्या मुलाचं प्रोजेक्ट आणि रिसेप्शनचा बोर्ड येतो. नाही म्हणायला जीव जड होत असेल तर असं लिहा : ‘नक्की करून देतो सर. हे महिन्याच्या यादीत नाही, याचे २,५०० होतील. उद्या सुरू करू का?’ नकार न देता सीमा आखली जाते, आणि निम्मी फुकटची कामं या एका मेसेजनंतर आपोआप मागे पडतात.

दोन-तीन रिटेनर मिळून घरखर्च आणि धंद्याचा खर्च निघाला पाहिजे, वरच्या हिशेबात ४८,०००. बचत आणि मोठी खरेदी सुट्या कामांतून. एका ग्राहकाकडून एकूण कमाईच्या चाळीस टक्क्यांहून जास्त येत असेल तर ती हमी नसलेली नोकरी झाली. तो गेला की सगळं जातं. अशा वेळी त्याचं काम कमी करू नका, दर आठवड्याला चार तास नवीन ग्राहक शोधायला राखून ठेवा. आणि काम भरपूर असतानाच शोधा, कारण ओळख होण्यापासून पहिला पैसा खात्यात येईपर्यंत सहज दोन-अडीच महिने जातात.

कोटेशन आणि ॲडव्हान्स

सुट्या कामाला पैशाचे तीन टप्पे ठेवा : सुरुवातीला ५० टक्के, पहिला मसुदा मंजूर झाल्यावर ३०, आणि मूळ फाइल्स किंवा वेबसाइटचा ताबा देण्याआधी २०. शेवटचा टप्पा मोठा ठेवू नका, तोच अडकतो. कोटेशनवर १५ दिवसांची मुदत लिहा. सुधारणा दोन वेळा, तिसरीपासून प्रत्येकी ठरावीक रक्कम. आणि एक ओळ जी जवळजवळ कोणी लिहीत नाही : ‘मजकूर, फोटो किंवा मंजुरी तुमच्याकडून २१ दिवस आली नाही तर तोपर्यंतच्या कामाचं बिल देय होईल.’ वेबसाइटची कामं सहा-सहा महिने लटकतात ती तुमच्यामुळे नाही, ‘आमच्याबद्दल’चा मजकूर ग्राहक देत नाही म्हणून.

इतवारीत हमखास ऐकायला मिळतं : ‘भाऊ, आधी काम तर दाखवा, पैसा कुठं पळून चालला का?’ यावर वाद घालू नका. ‘काम आधीचं हे बघा. तुमचं काम सुरू केलं की मी दुसऱ्याला ती तारीख देत नाही, म्हणून तारीख पक्की करायला निम्मे लागतात.’ व्यापारी माणसाला बयाणा म्हणजे काय ते तुमच्यापेक्षा चांगलं कळतं, त्याच्या भाषेत बोला. तरीही ॲडव्हान्स देत नसेल तर काम सोडा. भीड भिकेची बहीण, आणि ॲडव्हान्सला नाही म्हणणारा शेवटच्या बिलालाही तसाच वागतो.

करार स्टॅम्पपेपरवरच हवा असं नाही. पीडीएफ कोटेशन पाठवून ‘मंजूर आहे’ असं ईमेलवर किंवा व्हॉट्सॲपवर लेखी घेतलं तरी पुढे दाखवायला कागद राहतो. तोंडी मात्र काहीच ठेवू नका. फोनवर ठरलं तर फोन ठेवल्यावर पाच मिनिटांत ‘आत्ता ठरल्याप्रमाणे’ असा मेसेज टाका.

हक्कांचं एक लक्षात घ्या. कॉपीराइट कायदा १९५७ प्रमाणे नोकरीत नसलेल्या माणसाने केलेल्या लेखनाचा किंवा रचनेचा पहिला मालक साधारणपणे तो स्वतःच असतो. पैसे घेऊन दुसऱ्यासाठी काढलेले फोटो, पेंटिंग, पोर्ट्रेट आणि चित्रपट यांत मात्र, वेगळा करार नसेल तर, काम सांगणारा मालक होतो. म्हणून छायाचित्रकारांनी ही ओळ आधीच लिहून घ्यावी. हक्क हस्तांतरण लेखी आणि सहीचं लागतं. त्यात मुदत लिहिली नसेल तर कायदा पाच वर्षं धरतो, प्रदेश लिहिला नसेल तर भारत. सही केलेल्या कोटेशनमध्ये एवढं पुरतं : ‘पूर्ण पैसे मिळाल्यावर हक्क ग्राहकाकडे जातील.’ पैसे येण्याआधी तुमचा लोगो दुकानाच्या पाटीवर लागला, तर या ओळीमुळे बोलायला जागा राहते.

वसुली

बिल काम दिलं त्याच दिवशी जायला हवं. वर क्रमांक, तारीख, पॅन, बँकेचा तपशील, यूपीआय, आणि ‘देय तारीख’ असा ठळक दिवस. ‘लवकरात लवकर’ ही तारीख नव्हे.

त्यापुढचा क्रम ठरलेला ठेवा, म्हणजे दर वेळी मनाची तयारी करावी लागत नाही. देय तारखेच्या तीन दिवस आधी : ‘नमस्कार सर, बिल क्र. १४ चे १८,००० शुक्रवारी देय आहेत. अकाउंट्सला काही कागद हवा असल्यास सांगा.’ तारखेनंतर तिसऱ्या दिवशी फोन, तोही मालकाला नाही, अकाउंटंटला. मोठ्या कारखान्यांत बिल बहुधा मालकाने रोखलेलं नसतं. परचेस ऑर्डरचा, म्हणजे खरेदीच्या लेखी आदेशाचा, क्रमांक नाही म्हणून ते टेबलावर पडून असतं. सातव्या दिवशी पुढचं काम थांबवल्याचा मेसेज. पंधराव्या दिवशी ईमेलवर औपचारिक पत्र. दिवाळीच्या आधीचे पंधरा दिवस आणि मार्चअखेर व्यापाऱ्याकडे पैसे मागणं कठीण जातं, म्हणून त्या काळातली देय तारीख आधीच अलीकडे घ्या.

पत्राला वजन येतं ते उद्यम नोंदणीने, म्हणजे छोट्या धंद्याच्या सरकारी नोंदणीने. ती उद्यम पोर्टलवर आधार आणि पॅनवर होते, पूर्ण मोफत आहे. पैसे मागणाऱ्या वेबसाइट सरकारी नव्हेत. एमएसएमईडी कायदा (सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योग विकास कायदा) २००६ प्रमाणे सूक्ष्म आणि लघु उद्योगाचं बिल, लेखी करार असेल तर त्यातल्या मुदतीत पण कमाल ४५ दिवसांत, आणि करार नसेल तर १५ दिवसांत चुकवावं लागतं. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट, दरमहा चक्रवाढ व्याज लागतं. शिवाय २०२३-२४ या आर्थिक वर्षापासून, असं बिल मुदतीत दिलं नाही तर समोरच्या कंपनीला तो खर्च प्रत्यक्ष पैसे देईपर्यंत आयकरात वजा मिळत नाही. कंपनीच्या सीएला हे वाक्य चांगलं समजतं. बिलावर उद्यम क्रमांक छापा. नोंदणी काम सुरू होण्याआधी करा, कारण नंतरची नोंदणी आधीच्या बिलांना लागू होते का यावर वाद होतो. तरीही पैसे आले नाहीत तर सरकारी पोर्टलवरून सुविधा परिषदेकडे, म्हणजे अशा थकबाकीचा निवाडा करणाऱ्या सरकारी मंडळाकडे, अर्ज करता येतो. दिवाणी दाव्याची मुदत साधारणपणे तीन वर्षं आहे. पण पाच-सात हजारांसाठी तिथवर जाऊ नका, त्या वेळात दुसरं काम होतं.

कागदपत्रं आणि कर, थोडक्यात

एकट्याने काम करणाऱ्याला दुकाने आणि आस्थापना कायद्याखाली परवाना नाही, फक्त सूचना द्यावी लागते. इथे लोक त्याला अजून गुमास्ताच म्हणतात. चालू खातं उघडताना बँक ती पावती किंवा उद्यम मागते. व्यवसाय कराची नोंदणी करून वर्षाला २,५०० रुपये भरायचे असतात. तो न भरता काही वर्षं गेली की व्याजासह एकदम अंगावर येतो.

जीएसटी वर्षाला २० लाखांच्या उलाढालीपर्यंत लागत नाही. या २० लाखांत परदेशी ग्राहकांचे पैसेही मोजले जातात, इथे पुष्कळांची फसगत होते.

व्यावसायिक शुल्कावर कंपनी बहुधा १० टक्के टीडीएस, म्हणजे पैसे देतानाच आयकर, कापते. २०२५-२६ पासून एका ग्राहकाकडून वर्षात ५०,००० च्या वर गेल्यावर तो लागतो. म्हणजे ६०,००० च्या बिलाचे हातात ५४,००० येतात, १३ आठवड्यांच्या कागदावर तेवढेच लिहा. कापलेले पैसे तुमच्या पॅनवर जमा दिसतात का ते दर तिमाहीला आयकर पोर्टलवर तपासा. ग्राहकाने कापून भरलेच नसतील तर ते मार्चनंतर निस्तरणं फार जड जातं. वरच्या उदाहरणातल्या कमाईला नव्या करप्रणालीत कर शून्य येतो, कारण २०२५-२६ पासून १२ लाखांपर्यंतच्या उत्पन्नाला सवलत आहे. पण विवरणपत्र भरल्याशिवाय टीडीएस परत मिळत नाही. आणि बेसा-मनीषनगरात फ्लॅट घ्यायचा झाला तर स्वयंरोजगारवाल्याकडे बँक दोन-तीन वर्षांची विवरणपत्रंच मागते.

आयटी, अभियांत्रिकी, वास्तुरचना, इंटीरियर अशा ठरावीक व्यवसायांना जमेच्या निम्मी रक्कम उत्पन्न धरण्याची सोय आहे, जुन्या आयकर कायद्यातलं कलम ४४एडीए. सगळ्या फ्रीलान्सरना ती लागू नाही, आपलं काम त्यात बसतं का हे सीएला आधी विचारा. टीडीएस वजा जाता वर्षाचा कर १०,००० किंवा जास्त निघत असेल तर आगाऊ कर भरावा लागतो. १५ जून, १५ सप्टेंबर, १५ डिसेंबर, १५ मार्च या त्याच्या तारखा. निम्मं उत्पन्न धरणाऱ्यांना एकच, १५ मार्च.

परदेशी कामाबद्दल एवढंच : प्लॅटफॉर्मचं कमिशन दरात धरा. फायव्हरवर २० टक्के जातात, म्हणजे १०० डॉलरचं काम मुळात ८० चं आहे. पैसे रुपयांत बदलताना मिळालेला दर त्या क्षणीच्या बाजारदराशी ताडून बघा. कापणी बहुधा शुल्कात नाही, दरात लपलेली असते. बँकेची जमा सूचना प्रत्येक व्यवहाराची जपून ठेवा.

खाती दोन, पगार एक

सगळी कमाई चालू खात्यात. तिथून दर महिन्याच्या १ तारखेला ठरावीक ‘पगार’ घरच्या खात्यात. लाख आले तरी ४०,०००, वीस आले तरी ४०,०००. हे जमण्यासाठी चालू खात्यात गंगाजळी लागते : सहा महिन्यांचा दोन्ही खर्च, म्हणजे ४८,००० च्या हिशेबाने २,८८,०००. एवढे एकदम जमत नाहीत. रिटेनरबाहेरच्या प्रत्येक जमेतले ३० टक्के तिकडे टाकत गेलात तर ते हळूहळू जमतात. नोकरी सोडण्याचा विचार असेल तर निदान तीन महिन्यांचे आधी जमवा आणि एक रिटेनर सुरू झाल्यावरच राजीनामा द्या.

मे महिना आणि वीज

नागपूरच्या उन्हाळ्याला कामाच्या वेळापत्रकात जागा द्यावीच लागते. पारा ४५ च्या पुढे गेला की खोलीत ३८ असतात, आणि लॅपटॉप स्वतःला वाचवायला वेग कमी करतो. व्हिडिओ रेंडरिंगसारखी जड कामं पहाटे सहा ते दहा, दुपारी फोन आणि बिलं. कूलरचा झोत थेट यंत्रावर नको, त्यातून पाण्याचे बारीक तुषार येतात. १५० एएचची (अँपिअर-तासांची) १२ व्होल्टची इन्व्हर्टर बॅटरी कागदावर १,८०० वॅट-तास देते. लॅपटॉप, राउटर, पंखा आणि दिवा मिळून १६० वॅट धरले तर प्रत्यक्षात पाच-सहा तास. त्यावर कूलर लावला की निम्मे. मे-जूनमध्ये बॅटरीतलं डिस्टिल्ड वॉटर दर महिन्याला बघा. ब्रॉडबँड एका कंपनीचं असेल तर मोबाइलचा डेटा दुसऱ्या कंपनीचा ठेवा, रस्ता खोदताना केबल तुटली की दोन्ही एकदम जात नाहीत.

आणि आजारपण. नोकरीतला गटविमा सुटतो त्याच महिन्यात स्वतःचा आरोग्य विमा घ्या, कारण आधीपासूनच्या आजारांची प्रतीक्षा मुदत पॉलिसीच्या तारखेपासून मोजली जाते. वैयक्तिक आरोग्य विम्याच्या हप्त्यावर २२ सप्टेंबर २०२५ पासून जीएसटी नाही. त्याबरोबरच आपल्याच कामातला एक विश्वासाचा माणूस बांधून ठेवा. तुम्ही दोन आठवडे अंथरुणावर असाल तर तो तुमचे रिटेनर चालवील, त्याच्या वेळेला तुम्ही. मोबदला आधी ठरवा : केलेल्या कामाचे सत्तर टक्के त्याला. ग्राहक कोण, काय द्यायचं, कुठल्या तारखेला, फाइल्स कुठे, असा एक पानाचा तक्ता दोघांकडेही असू द्या आणि दर तीन महिन्यांनी तो ताजा करा. पासवर्ड त्या पानावर लिहू नका, ते पासवर्ड मॅनेजरमधून गरजेपुरते द्या.